पुरा पत्ता

सांगवीच्या त्या पोरीचा फोटो मीच मशीनमधी घातला. बाळ मांडीवर व्हतं, त्याला पाजत पाजतच मी शेवटचं बटण दाबलं, आन् मला वाटलं, चला, आज एक तरी काम बरोबर झालं.

हे पयलंच सांगून टाकती, कारण मला कायबी सांगताना दम लागतो आन् मधीच काहीतरी ऱ्हाऊन जातंय. आमच्या सासूबाई म्हणत्यात, "सावकाश बोल की गं, तुज्या मागं काय कुत्रं लागलंय व्हय?" कुत्रं न्हाय लागलेलं. भ्यायची सवय हाय, तेवढंच.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागल्या अंगाला आमच्या सरांनी लग्नाची स्थळं जुळवायचं केंद्र काढलं व्हतं. सर शाळंतनं रिटायर झालेलं. दुसरीकडं लोक माहितीच्या कागदांचं गठ्ठं बांधून ठेवत्यात, सरांनी कॉम्प्युटर आणला, नवाकोरा, नव्या विंडोजचा. आन् इंदापुरात त्यांच्या मेव्हण्यांचं भांड्याचं दुकान, तितं कोपऱ्यात दुसरा कॉम्प्युटर ठेवला, जुना, कुठल्यातरी हापिसातनं निघालेला. त्या मेव्हण्यांना समदी तात्या म्हणायची. हितल्या पोरींची माहिती आन् फोटो मी फ्लॉपीत घालायची, फ्लॉपी एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची, तितं तात्या ती आपल्या मशीनमधी उतरवून घ्यायचं. म्हंजी बारामतीकडली पोरगी इंदापूरच्या माणसांना भांड्याच्या दुकानात बसल्या जागी दिसायची, फोटोसकट.

माझं शिक्षण नववीपातुर. लग्नाआधी टायपिंगच्या क्लासला गेले व्हते म्हणून सरांनी मला ठेवलं, आन् बाईमाणूस असलं की पोरींच्या आया बोलत्यात, म्हणूनबी. आमचं मालक कारखान्यावर ट्रॅक्टर चालवत्यात, घरात बाळाला बघायला सासूबाईंचं गुडघं साथ देत न्हाईत, मग मी बाळाला संगंच न्यायची. खिडकीच्या गजाला लुगड्याची झोळी बांधलेली. एक पाय झोळीच्या दोरीला, दोन हात मशीनवर.

पयल्या पयल्यांदा मी फोटोंना लांबलचक नावं द्यायची. नवं विंडोज कितीबी लांब नाव घेतंय. इंग्रजी अक्षरात लिवायची, कोऱ्हाळ्याची थोरली मुलगी, तिच्या वडलांचं नाव, समदं एकापुढं एक. मला बरं वाटायचं, नाव बघून माणूस कळतंय. फ्लॉपी गेली इंदापूरला आन् दुपारी तात्यांचा फोन.

"आगं बाय माझे, पाव्हणं बसल्यात हितं चहा पिऊन, आन् मशीन म्हणतंय फाईलच न्हाय. आता काय दावू त्यास्नी? माझं तोंड दावू?"

सर हसलं न्हाईत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, सोता उभं ऱ्हायलं आन् वर्गात सांगत्यात तसं सांगितलं. तात्यांचं मशीन जुनं, त्याला आठ अक्षरांच्या पुढं नाव कळत न्हाय, तेवढंच घेतंय आन् फुडलं कापतंय. "नाव आखूड ठेव. आन् दुसरं ऐक. पोरीच्या माहितीत फोटोचा जो रकाना हाय, त्यात नुसतं फोटोचं नाव लिहायचं. पुरा पत्ता लिहायचा न्हाय. फोटो त्या माहितीच्या शेजारी, एकाच फोल्डरमधी ठेवायचा. मंग मशीन बसल्या जागंवरनं बाजूला हात लांबवतंय आन् घेतंय. ते बारामतीत बसलंय का इंदापुरात, कुठल्या खोलीत, त्याला काय फरक पडत न्हाय."

मी व्हय व्हय म्हणलं. मला कळालंबी. पण पटलं न्हाय.

त्याला कारण हाय. माझं माहेर मेंढरंवाल्यांचं. आता भावानं ऊस लावलाय, पण मी ल्हान व्हते तवा आमचं आबा आन् आई दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणाच्या बाजूला उतरायची आन् मला शाळंसाठी मामाकडं ठेवायची. आमच्या माणसांचा पत्ता म्हंजी कसा, ओढ्याच्या वरल्या अंगाला, बाभळी सोडून फुडं, कुत्री भुकत्यात तितं. आमचं माणूस त्यावर बरोब्बर पोचायचं, आजपातुर कुणी चुकलं न्हाय. तर मी तिसरीत असताना आबांना कार्ड लिवलं, मला घ्यायला या, मला हितं करमत न्हाय. आन् पत्ता लिवला, आबा, मेंढरांचा तळ, नदीच्या पलीकडं. कार्ड परत आलं. गुरुजींनी ते समद्या वर्गाला वाचून दावलं, पोरं बाकावर हात आपटून हसली. गुरुजी म्हणलं, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, ह्यातलं एक ऱ्हायलं की कार्ड वाटंतच मरतंय. आबा आलं ते पाऊस तोंडावर आल्यावर, मेंढरं परत आली तवाच. तवर मी रोज सांजचं मामाच्या पायरीवर बसायची. तवापासनं अर्धा पत्ता दिसला की तो पुरा केल्याबिगर मला चैन पडत न्हाय.

आन् सर म्हणत व्हतं, नुसतं नाव लिही.

त्याच आठवड्यात ती आली, सांगवीची. वडील संगं. अंगानं शिडशिडीत, चालणं ताठ, आन् डाव्या गालावरनं मानंपातुर भाजल्याचा डाग. ल्हानपणी गुऱ्हाळावर खेळताना उकळता रस उडालेला. मी बघितलं आन् लगीच नजर खाली घातली, तर तीच म्हणली, "बघा की वहिनी, बघायसाठीच आलेय मी."

तिनं फोटो टेबलावर ठेवला. केस मागं घट्ट बांधलेलं, ओढणी खांद्याच्या मागं टाकलेली, डावा गाल म्होरं.

"स्टुडिओवाला म्हणला मान फिरवा, म्हंजी दिसणार न्हाय. मी म्हणलं न्हाय फिरवत. ज्याला बघायचंय त्यानं हितंच बघावं."

वडील म्हणलं, "तिचंच डोकं हे. माझं कोण ऐकतंय."

"आण्णा, तुमचं ऐकूनच चार ठिकाणची माणसं येऊन पोहं खाऊन गेली की." मग माझ्याकडं वळून, "तसं न्हाय वहिनी, ती येत्यात, बसत्यात, माझ्याकडं बघत्यात आन् मग पंख्याकडं बघत्यात. बाहेर जाऊन चपला घालताना कुजबुजत्यात. मला ते न्हाय सोसत. आता डाग बघून ज्याला यायचंय त्यानंच यावं. न्हाय आलं कुणी तरी चाललं."

मी म्हणलं, "आवं ताई, हितं जो येईल तो बघूनच येईल. मशीन काय लपवत न्हाय."

ती हसली. हसली की तिचा गाल एकीकडं वढायचा. मला ती लई आवडली, खरं सांगती, माझ्याच वयाची आसंल, पण माझ्यात ते बळ न्हवतं.

ती दोघं गेली, मी फोटो स्कॅन केला. नाव आखूड ठेवलं, सरांनी सांगितल्याप्रमाणं, नुसतं सांगवी. आमच्याकडं सांगवीची दुसरी कुणी न्हवतीच. मग रकान्यावर आले आन् हात थांबला. नुसतं 'सांगवी' लिवायचं? मला परत ते कार्ड दिसलं, त्याच्यावरचा शिक्का दिसला. वाटलं, ह्या पोरीचा फोटो वाटंत मरायला नगं, दुसऱ्या कुणाचा बी मरू दे पण हिचा नगं. म्हणून मी पुरा पत्ता लिवला. सी, दोन टिंबं, तिरकी रेघ, फोटो, परत तिरकी रेघ, सांगवी. मुक्काम, पोस्ट, समदं. आमच्या मशीनमधी समदं फोटो त्याच 'फोटो' नावाच्या फोल्डरमधी व्हतं. उघडून बघितलं, तिचा चेहरा लगीच आला, डाग आन् समदं. बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आन् बटण दाबलं.

फ्लॉपी गेली. ह्या खेपंला तात्यांचा फोन आला न्हाय. मी मनात म्हणलं, बघा, पत्ता पुरा असला की पोचतंयच.

मग निरोप आला. इंदापूरकडल्या डाळजची माणसं, पोरगा रस्त्याच्या कडंला पंप-मोटारी दुरुस्त करतोय, घरची थोडी शेती, त्यांनी तात्यांच्या दुकानात माहिती बघितली, फोटो बघितला, पसंत हाय म्हणलं, बघायला येतोय. सरांना आनंद झाला. मला म्हणलं, तू जा सांगवीला, बाईमाणूस असलं की घरच्यांना धीर येतोय. मी बाळाला घिऊन गेले.

स्वैपाकघरात मी पोहं परतत व्हते, ती बशा पुसत व्हती. तिनं पावडरबी लावली न्हवती. म्हणली, "वहिनी, आज पयल्यांदा मला भ्या वाटत न्हाय. त्यांनी बघितलंय ना." आन् माझ्या बाळाच्या नाकाला चिमटा काढून म्हणली, "ह्याच्या आईनं दावलंय."

ती ट्रे घिऊन बाहेर गेली. मी दाराआड. पोराची आई, मामा, आन् पोरगा सोता, खाली मान घालून. तिनं बशा ठेवल्या, नमस्कार केला, बसली. पोराची आई तिच्या मागं दाराकडं बघत ऱ्हायली, आणखी कुणी येतंय का म्हणून. मग पोराच्या आईनं तिच्या वडलांना इच्यारलं, "ही थोरली व्हय?"

"थोरली न्हाय आन् धाकटी न्हाय. एकच लेक हाय मला."

"मंग फोटुतली कुठं हाय?"

वडलांना कळंना. "हीच की."

मामा म्हणला, "आवं पाव्हणं, डोळं फुटल्यात का आमचं? फोटुतली पोरगी गोरीगोमटी, तोंडावर टिकलीएवढाबी डाग न्हाय. दुसरीचं तोंड दावायचं आन् ही गळ्यात मारायची, हे बरं हाय की."

"ईमानानं सांगतो, तिचाच फोटो दिलाय..."

मला अजून कळालं न्हवतं काय झालंय, पण माझ्याच हातनं झालंय हे कळालं. मी बाळासकट बाहेर आले, पदर डोक्यावर न्हाय का काय न्हाय, आन् बोलत सुटले, आवं यांचा दोष न्हाय, फोटो मी घातलाय, मी बघितलाय, डाग दिसत व्हता, मशीनमधी कायतरी झालं आसंल, ते मशीन जुनं हाय, त्याला लांब नाव कळत न्हाय, मी पुरा पत्ता लिवला व्हता...

मामानं माझ्याकडं बघितलं आन् हसला. "मशीन पोरी बदलतंय व्हय? बरं झालं सांगितलंत. आमच्या गोठ्यातला खोंड घालतो त्याच्यात, म्हैस निघाली तर दुधाचं तरी भागंल."

पोराची आई उठली. जाता जाता मला म्हणली, "तुला किती दिलं गं ह्यांनी?"

पोहं तसंच ऱ्हायलं. ह्या वेळी पोह्याला कुणी हातबी लावला न्हाय. चपला घालताना ती माणसं कुजबुजली न्हाईत, मोठ्यानं बोलली, शेजारच्या घरातल्या बाया वट्यावर आल्या. ती पोरगी तशीच बसलेली, हात मांडीवर. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं. ती नुसती माझ्या बाळाकडं बघत व्हती, ते रडाया लागलं व्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सर मला घिऊन इंदापूरला गेलं. तात्यांनी भांडी बाजूला सारून जागा केली, मशीन सुरू केलं, सांगवीच्या पोरीची माहिती काढली. नाव तिचं, जन्म तिचा, गाव तिचं. आन् फोटोत दुसरीच, हसरी, कानात झुबं.

"ही कोण?" सर म्हणलं.

तात्यांनी चष्मा पुसला. "ही व्हय. हिचं तर कवाच जमलं. हिचा मामा हितला, त्यानं नाव नोंदवलेलं. सांगवीचीच पोरगी. फोटो काढायचा ऱ्हायला वाटतं मशीनमधनं."

मग सरांनी रकाना बघितला. माझा पुरा पत्ता. तात्यांच्या मशीनमधी बारामतीची फ्लॉपी एका येगळ्या फोल्डरमधी उतरायची, मी घातलेला फोटोबी त्याच फोल्डरमधी शेजारीच पडून व्हता, हात लांबवला असता तर लागला असता. पण मी मशीनला सांगितलं व्हतं, शेजारी बघू नगं, सी मधल्या 'फोटो' मधी जा. आन् तात्यांच्या मशीनमधीबी सी व्हतंच, त्यात 'फोटो' नावाचं फोल्डर व्हतं, त्यात तात्यांनीबी गावाचंच नाव दिऊन ठेवलेला एक 'सांगवी' व्हता. आठ अक्षरात आणखी काय बसणार. मशीन त्या पत्त्यावर गेलं, तितं जी भेटली तिला घिऊन आलं. पत्ता पोचला. दुसऱ्याच्या दारात पोचला.

त्यापेक्षा फाईल सापडत न्हाय म्हणलं असतं तर बरं झालं असतं. कार्ड तरी परत आलं व्हतं माझं.

सर माझ्यावर वरडलं न्हाईत. नुसतं म्हणलं, "सांगितलं व्हतं ना गं, नुसतं नाव लिही." मी व्हय म्हणलं. त्या कार्डाचं काय सांगणार त्यांना. त्यांनी की-बोर्ड माझ्याकडं सरकवला. मी सी खोडलं, टिंबं खोडली, रेघा खोडल्या, 'सांगवी' एवढंच ठेवलं. बटण दाबलं आन् ती आली. केस मागं, डावा गाल म्होरं.

तात्या वाकून बघत ऱ्हायलं. "ही पोर? ही तर मला हितं कवाच दिसली न्हाय."

हे वाक्य मला अजून झोपू देत न्हाय. डाळजच्या माणसांचं सोडा, ती डाग बघून आली असती का न्हाय कुणाला ठावं. पण इंदापुरात दुकानात कितीतरी जण येऊन बसलं आसतील, त्यातल्या एखाद्यानं डाग बघून म्हणलं असतं, चालतंय मला. त्याला ती दिसलीच न्हाय. मी दिसूच दिली न्हाय. एवढं धाडस करून तिनं तो फोटो काढला, आन् तो एका भांड्याच्या दुकानात शेजारच्या शेजारी झाकून पडला.

सर आन् मी तसंच सांगवीला गेलो. सरांनी वडलांना समदं नीट सांगितलं, हात जोडलं, डाळजलाबी जाऊन सांगतो म्हणलं. वडील पायरीवर बसलेलं. म्हणलं, "सर, तुमी भलं माणूस. पण गावात झालं ते झालं. दुसऱ्या पोरीचा फोटो लावून लेक खपवत व्हता, असं बोलत्यात. आता त्यास्नी मशीनचं काय सांगत फिरू? नाव काढून टाका तिचं."

मी इच्यारलं, "ताई हायत का आत?"

"हाय. पण येणार न्हाय." मग म्हणलं, "तुमच्यावर राग न्हाय तिचा. आंगावर ल्हान लेकरू हाय म्हणली तुमच्या."

सर डाळजला जाऊन आलं. तितल्या माणसांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आन् पोराचा मामा म्हणला म्हणे, मशीन सुधारलं का, आमचा खोंड तयार हाय.

नाव मीच काढलं. दोन्ही मशीनमधनं. इंदापूरला परत जाऊन काढलं. मशीननं इच्यारलं, खरंच काढायचं का, मी बाळाचा हात धरून बसले थोडा येळ, मग व्हय म्हणलं. नंतर समद्या पोरींचं रकानं मी एक एक करून उघडून बघितलं, कुठं पुरा पत्ता ऱ्हायला आसंल तर खोडला, नुसती नावं ठेवली. सर म्हणत व्हतं तेच बरोबर. आमच्या आबांचंबी तसंच बरोबर व्हतं, ओढ्याच्या वरल्या अंगाला, बाभळी सोडून फुडं. ते मला कळाया तिची ती दुपार वाया जावी लागली.

सर मला काढून टाकतील असं वाटलं व्हतं. न्हाय काढलं. काढलं असतं तर कदाचित मला जरा बरं वाटलं असतं.

आता परवा, बाळ चालाया लागल्यावर, मी फ्लॉपी द्यायला बारामतीच्या स्टँडवर व्हते. इंदापूरची गाडी लागायची व्हती. आन् ती दिसली, फलाटावर, हातात पिशवी. मी वळून दुसरीकडं जाणारच व्हते, पण बाळानं हात सोडवला आन् तिच्याकडंच पळालं. तिनं त्याला धरलं, उचललं, तवा मला बघितलं.

"वहिनी, चालाया लागला की हा."

"व्हय." मला दम लागला व्हता. "ताई..."

तिची ओढणी डाव्या गालावरनं घेतलेली, घट्ट, कानाच्या मागं पिनंनं टाचलेली. आमच्याकडं आली तवा ती ओढणी खांद्याच्या मागं टाकून चालत आली व्हती, भर बाजारातनं. मला तिला सांगायचं व्हतं की त्या दिवशी फोटो आला व्हता, नीट आला व्हता, तात्यांनी वाकून बघितला. पण ते आता कुणासाठी सांगायचं.

बाळाला काय, जे लोंबतंय ते वढायचं. त्यानं ओढणीचं टोक मुठीत धरलं आन् वढलं. तिनं त्याला रागं भरलं न्हाय, त्याची बोटं एक एक करून सोडवली, त्याला माझ्याकडं दिलं. तिची गाडी लागली. तिनं कानामागं हात नेऊन पिन निघाली न्हाय ना ते बोटानं चाचपून बघितलं, आन् गाडीत चढली.